मुलांच्या हाती अक्षरे देणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरी

आपल्याकडे मूल तीन-साडेतीन वर्षांचे झाले म्हणजे त्याला माँटेसरीत घातले असे म्हणण्याचा प्रघात पुष्कळ वर्षे होता, व वडीलधाऱ्यांच्या तोंडी तो शब्द अजूनही ऐकू येतो. माँटेसरी म्हणजे लहानग्यांची शाळा, एवढाच अर्थ बहुतेकांस ठाऊक. वास्तविक ते एका बाईंचे आडनाव आहे. ह्या बाई इटली देशातील, शिक्षणाने वैद्य. त्यांचे दफन कॅथलिक दफनभूमीत झाले, आणि आयुष्याच्या उतारवयातील कित्येक वर्षे त्यांनी आपल्या ह्या देशात काढली. आपल्या धर्मग्रामातील किती तरी माताभगिनी बालवाड्या चालवितात, व घरोघरी आया संध्याकाळी मुलांना अक्षरे शिकवीत बसतात. त्यांच्यासाठी ह्या बाईंचे चरित्र महोत्सवाच्या स्मरणिकेत थोडक्यात सांगावे असे योजिले आहे.

मारिया ह्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील आंकोना प्रांतात, कियारावाल्ले ह्या गावी झाला. वडील आलेस्सान्द्रो हे सरकारी नोकर. मातोश्री रेनिल्दे सुशिक्षित व वाचनाची आवड असलेल्या. मारिया ही त्यांची एकुलती एक कन्या. मुलगी पाच वर्षांची असताना कुटुंब रोम शहरी राहावयास आले. त्या काळी मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे अशी समजूत होती. मारियेने मात्र मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातले, इंजिनिअर होण्याची इच्छा धरली, आणि पुढे तीही सोडून वैद्यकीचा ध्यास घेतला. वडिलांना हे रुचले नाही; आई मात्र मुलीच्या पाठीशी उभी राहिली. पुरुष विद्यार्थ्यांच्या समवेत स्त्रीने प्रेताचे विच्छेदन करणे अशिष्ट मानले जाई, म्हणून इतर सर्व निघून गेल्यावर ही तरुणी एकटीच त्या खोलीत काम करीत असे. १८९६ साली रोमच्या विद्यापीठाची वैद्यकीची पदवी त्यांना मिळाली. इटलीतील पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते.

पदवीनंतर विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करीत असता त्यांना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे मंदबुद्धी मुलांना मोठ्या वेड्यांबरोबरच कोंडून ठेवीत. एका खोलीतील अशी मुले जेवण संपल्यावर जमिनीवर पडलेले भाकरीचे तुकडे वेचीत, व त्यांच्यावर देखरेख करणारी बाई त्यांना खादाड म्हणून हिणवी. डॉक्टरबाईंनी निरखून पाहिले. त्या खोलीत हाती धरण्यासारखी एकही वस्तू नव्हती. ना खेळणे, ना लाकडाचा ठोकळा. मुलांची भूक पोटाची नसून हातांची आहे, असे त्यांच्या ध्यानी आले. पुढील सारे कार्य ह्या एका निरीक्षणातून उगवले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांनी इतार व सेगँ ह्या दोन फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ अभ्यासिले. इतार ह्यांनी रानात सापडलेल्या एका मुलाला शिकविण्याचा प्रयत्न केला होता. सेगँ ह्यांनी मंदबुद्धी मुलांसाठी हाताळण्याची साधने बनविली होती. १९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांकरिता एक विद्यालय निघाले. त्याच्या दोन संचालकांपैकी माँटेसरीबाई एक होत्या. त्यांनी शिकविलेली काही मंदबुद्धी मुले वाचायला व लिहायला शिकून सर्वसाधारण मुलांच्या सरकारी परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी चमत्कार म्हणून टाळ्या वाजविल्या. बाईंना मात्र उलटीच चिंता लागली: दुबळी मुले जर एवढे करतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा एवढ्यावरच का अडवून ठेवतात?

ह्याच काळातील एक गोष्ट लिहावी की न लिहावी असा लेखकास क्षणभर संकोच वाटला. परंतु ती गाळल्यास चरित्र अपुरे राहील. विद्यालयाचे दुसरे संचालक डॉ. ज्युसेप्पे मोंतेसानो ह्यांच्यापासून बाईंना ३१ मार्च १८९८ रोजी पुत्र झाला. त्यांचा विवाह झाला नाही. त्या काळच्या समाजात ही गोष्ट उघड होणे म्हणजे बाईंच्या कार्याचा शेवटच. मुलगा मारियो रोमबाहेर एका खेड्यातील कुटुंबात वाढू लागला. आई अधूनमधून येऊन त्याला पाहून जाई. आपण कोण हे ती सांगत नसे. डॉ. मोंतेसानो ह्यांनी पुढे दुसरीशी लग्न केले, आणि बाई ते विद्यालय सोडून गेल्या. ज्या स्त्रीने जगातील मुलांना आपले म्हटले, तिला आपल्या पोटच्या मुलाला पंधरा वर्षे आपले म्हणता आले नाही.

आता सान लोरेन्सो वस्तीकडे वळू. रोममधील हा मजुरांचा भाग दारिद्र्य व घाण ह्यांविषयी प्रसिद्ध होता. एका बांधकाम संस्थेने तेथील जुन्या इमारती दुरुस्त करून गरीब कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर जात, मागे राहिलेली मुले जिन्यांतून हुंदडत व नव्या भिंती खराब करीत. भिंतींच्या दुरुस्तीचा खर्च वाचावा म्हणून मुलांना एका खोलीत एकत्र ठेवावे असे संस्थेने ठरविले व ती जबाबदारी माँटेसरीबाईंवर सोपविली. हेतू असा व्यवहारी होता, धर्मार्थ नव्हे. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, बालगृह उघडले. तीन ते सहा वर्षांची पन्नासएक मुले आली. काही रडत, काही भेदरलेली. पैसा थोडा. ज्या तरुणीस मुलांजवळ ठेविले तिला शिक्षकाचे शिक्षण मिळालेले नव्हते. बाईंना ते सोयीचेच वाटले. कारण जुन्या पद्धतीच्या सवयी तिला मोडावयाच्या नव्हत्या.

ह्या मुलांना लिहावाचावयास शिकवावे असा बाईंचा बेत नव्हता. सहा वर्षांपूर्वी अक्षरओळख करून देऊ नये असे मत त्या वेळी रूढ होते व त्याही तसेच समजत. मुले गुंड्या लावीत, दोऱ्या बांधीत, ठोकळे रचीत, खडबडीत व गुळगुळीत फळ्यांवरून हळुवार बोट फिरवीत. स्पर्श नाजूक व्हावा म्हणून आधी कोमट पाण्याने बोटे धुवीत. परंतु वस्तीतील आया, ज्यांच्यापैकी कित्येकींना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, बाईंकडे येऊन विनवू लागल्या की, आमच्या मुलांना अक्षरे शिकवा. त्यांच्या आग्रहाखातर बाईंनी काम हाती घेतले.

मंदबुद्धी मुलांसाठी पूर्वी त्यांनी लाकडाची सुरेख अक्षरे करविली होती. स्वर तांबडे, व्यंजने निळी. तशीच अक्षरे येथे हवी होती. पण ती बनवून देणारा कारखानदार त्यांना मिळेना. शेवटी बाईंनी व त्यांच्या सहकारिणींनी बसून कागदाची अक्षरे कातरली, आणि सुतार लाकूड घासण्यास वापरतो तो खरखरीत कागद कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर डकविला. ही गरिबीतून निघालेली युक्ती महागड्या अक्षरांहून सरस ठरली. लाकडी अक्षर केवळ डोळ्यांना दिसे. खरखरीत अक्षर बोटाला वाट दाखवी. बोट अक्षराबाहेर गेले की गुळगुळीत पुठ्ठा लागे, व मुलास आपली चूक आपणच कळे. शिक्षिकेने रागावण्याचे कारणच उरत नसे.

शिकविण्याचा क्रम असा. शिक्षिका दोनच अक्षरे समोर ठेवी, एकमेकांपासून अगदी निराळी दिसणारी. लिहिण्याच्या वळणानेच त्यांच्यावरून बोट फिरवून ती अक्षराचा नुसता उच्चार करी. अक्षराचे नाव सांगत नसे. मूल तसेच करी. मग ह्यांतले अमुक कोणते ते दाखव, असे ती विचारी. सर्वांत शेवटी एकावर बोट ठेवून हे काय, असा प्रश्न. मूल चुकले तर दुरुस्त करीत बसावयाचे नाही. हसून डाव मोडावयाचा व दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडावयाचा. ह्या तीन पायऱ्या सेगँ ह्यांच्या होत. त्याबरोबरच हाताची तयारी वेगळी चाले. लोखंडी साच्यांतील वर्तुळे, त्रिकोण, चौकोन ह्यांच्या कडेने रंगीत पेन्सिल फिरवून आतील जागा रेघांनी भरावयाची. अशा रीतीने पेन्सिल धरण्याची सवय एकीकडे, अक्षराचे वळण दुसरीकडे. लिहिण्यापूर्वीच दोन्ही मुलाच्या अंगी आलेली असत. तिसरीकडे कातरलेल्या अक्षरांची पेटी असे. शब्द कानांनी ऐकून त्यातील एकेक ध्वनीचे अक्षर पेटीतून उचलावयाचे व जमिनीवर ओळीने मांडावयाचे. मुले वाचता येण्यापूर्वीच शब्द रचू लागली.

१९०७ च्या डिसेंबरातील एका उबदार दिवशी बाई मुलांसमवेत इमारतीच्या गच्चीवर बसल्या होत्या. शेजारी धुराडे होते. त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाच्या हाती खडू देऊन धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने फरशीवर ते काढले. बाईंनी शाबासकी देताच मुलगा क्षणभर थांबला, आणि आपल्याला लिहिता येते, लिहिता येते, असे आनंदाने ओरडू लागला. गुडघे टेकून त्याने फरशीवर हात हा शब्द लिहिला. मग धुराडे, मग छप्पर. त्याला लिहावयास कोणीच शिकविले नव्हते; तयारी पूर्ण झाली होती व ते आपोआप बाहेर पडले होते. त्याचा आरडाओरडा ऐकून इतर मुले भोवती जमली, खडू मागू लागली, आणि त्यांतील काहींनी त्याच क्षणी आयुष्यातील पहिला शब्द लिहिला. मग जणू साथच आली. मुले जमिनीवर, दारांवर, भिंतींवर लिहीत. घरी भाकरीच्या कवचावरसुद्धा अक्षरे उमटू लागली. भिंती वाचाव्यात म्हणून बालगृह उघडले होते, हे वाचकांच्या स्मरणात असेलच! बिचाऱ्या आयांनी कागद-पेन्सिली आणून दिल्या. चार वर्षांच्या मुलास पहिल्या तयारीपासून पहिल्या शब्दापर्यंत महिना-दीड महिना लागतो व पाच वर्षांच्यास सुमारे एक महिना, असा हिशेब बाईंनी पुढे मांडला.

वाचन मागाहून आले. बाईंनी खेळण्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहिली. जो चिठ्ठी वाचील त्याला ते खेळणे काही वेळ मिळेल अशी योजना केली. मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या. परंतु खेळण्यांकडे ढुंकूनही न पाहता पुढची चिठ्ठी मागितली. ज्या मुलांच्या घरी खेळणे कदाचित कधी आलेच नव्हते, त्यांनी असे करावे हे पाहून बाई चकित झाल्या. पुढे चिठ्ठ्यांवर आज्ञा येऊ लागल्या: दार लाव, खुर्ची हळू उचल. मूल मनात वाचून उठे व ते काम करून दाखवी; त्याला वाचल्याचा अर्थ समजला की नाही हे विचारावेच लागत नसे.

येथे थोडे विषयांतर करितो. आपल्या आजेपणजांच्या शाळेत धूळपाटी असे. पाटीवर बारीक माती पसरून पंतोजी अक्षर काढीत व मूल त्यावरून बोट फिरवी. गिरविणे हा आपला जुनाच शब्द. तेव्हा माँटेसरीबाईंनी नवीन ते काय केले, असे कोणी विचारील. बोट तेच; पण धूळपाटीवर चूक दाखविणारी पंतोजींची छडी होती, आणि येथे ते काम खरखरीत कागद करितो. शिवाय आपली भाषा ह्या रीतीस इंग्रजीपेक्षा फार अनुकूल आहे. इटालियनप्रमाणेच आपल्याकडे बहुतेक जसे बोलावे तसे लिहावे. क ह्या अक्षराचे नाव व उच्चार एकच. अडचण येते ती वेलांटीपाशी: ऱ्हस्व इकार कानाला अक्षरानंतर ऐकू येतो, पण कागदावर अक्षराच्या आधी उभा राहतो, आणि जोडाक्षरांत तर मोठी माणसेही अडखळतात. म्हणून घर, नळ, वड, मगर अशा बिनमात्रेच्या शब्दांनी आरंभ करावा, मात्रा वेगळ्या रंगात कातराव्यात, आणि घ व ध, भ व म ही जोडी एकाच दिवशी समोर ठेवू नये. जुन्या वहीचे पुठ्ठे, सुताराकडील खरखरीत कागदाचा तुकडा व थोडी खळ, एवढ्या सामानावर एका रविवारी दुपारी आईला घरच्या घरी अर्धी मुळाक्षरे करिता येतील.

असो. बालगृहाची कीर्ती लवकरच पसरली. १९०९ साली बाईंचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व शिक्षिकांचा पहिला वर्ग भरला. १९१२ मध्ये ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले, १९१३ मध्ये अमेरिकेत त्यांचा मोठा सत्कार झाला. २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपात मेसिना शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा अनाथ झालेल्या मुलांसाठी रोममध्ये फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी ह्या धर्मभगिनींच्या मठात एक बालगृह निघाले. भीतीने मुकी झालेली ती मुले तेथे हळूहळू हसू लागली. तरीही, मुलाच्या स्वातंत्र्यावर एवढा भर देणारी पद्धत आदिपापाचा सिद्धांत विसरते की काय, अशी शंका काही कॅथलिक विद्वानांनी घेतली. ती शंका अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. बाईंच्या काही लेखांतील भाषा तिला जागा देते. परंतु स्पेनमधील बार्सिलोना येथे त्यांच्या देखरेखीखाली मुलांसाठी लहान खुर्च्यांचे प्रार्थनामंदिर झाले. मुलांनी स्वतः गहू पेरला व द्राक्षवेली जोपासल्या, आणि त्यांतून मिस्साबलीसाठी भाकर व द्राक्षरस तयार झाला. धर्मशिक्षणही हातांतूनच जावे, असा त्यांचा आग्रह होता.

१९१२ च्या अखेरीस मातोश्री वारल्या. त्यानंतर लवकरच मारियो आईजवळ राहावयास आला. जगाला त्याची ओळख भाचा किंवा मानलेला मुलगा म्हणून करून दिली जाई. तो तिचा सहकारी, चिटणीस व दुभाषी झाला. इटलीत मुसोलिनीने आरंभी ह्या शाळांना आश्रय दिला. पण मुले सत्तेच्या दावणीला बांधावयाची हा त्याचा हेतू दिसून आल्यावर संबंध तुटले, व १९३४ च्या सुमारास इटलीतील शाळा बंद पडल्या. जर्मनीतही तेच झाले. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा वयाच्या सासष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर बाई बार्सिलोना सोडून निघाल्या व पुढे हॉलंडमध्ये राहिल्या.

१९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मायलेक मद्रासला आली. त्या संस्थेचा आसरा घेणे आपल्यापैकी काहींना खटकेल. पण त्या प्रसंगी बोलावणारे दुसरे कोणी पुढे आले नव्हते, हेही खरे. अड्यार येथील पहिल्या वर्गास सुमारे तीनशे शिक्षक-शिक्षिका जमल्या. बाई इटालियनमध्ये बोलत व मारियो इंग्रजीत सांगे. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली, आणि ब्रिटिश सरकारने दोघांना शत्रुराष्ट्राची प्रजा ठरविले. बाईंना अड्यारच्या आवारात स्थानबद्ध केले. मारियोला मात्र आपल्या महाराष्ट्रात, त्या वेळच्या अहमदनगरच्या, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरच्या, छावणीत पाठविले. परमुलखात, परभाषेत, सत्तरीला टेकलेल्या बाईंचा जणू आवाजच हिरावला गेला. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयची तार आली. तिच्यात मारियोच्या सुटकेची बातमी होती, आणि त्यात त्याचा उल्लेख त्यांचा पुत्र असा केलेला होता. जी गोष्ट बेचाळीस वर्षे चारचौघांत बोलता आली नव्हती, ती एका सरकारी तारेने सहज बोलून टाकली.

युद्धाची वर्षे बाईंनी अड्यार व कोडाईकनाल येथे शिकविण्यात घालविली. १९४६ साली त्या युरोपास गेल्या व १९४७ मध्ये पुन्हा येऊन १९४९ पर्यंत राहिल्या. ह्या मुदतीत एक हजाराहून अधिक शिक्षकांनी त्यांच्याकडून धडे घेतले. परंतु महाराष्ट्रात त्यांची पद्धत त्यांच्याही आधी येऊन पोहोचली होती. ताराबाई मोडक ह्यांनी १९२३ पासून भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर काम केले, व १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. विकत घ्यावयाची माँटेसरी साधने आपल्या गरीब मुलांना परवडणार नाहीत, हे ताराबाईंनी ओळखले. १९४५ मध्ये त्यांनी अनुताई वाघ ह्यांच्यासह बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र काढले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वसई-पालघरकडील वाचकांना ही ठिकाणे परकी नाहीत. तेथे शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली; आणि मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच आदिवासी पाड्यांतील अंगणांत नेऊन मांडली. अंगणवाडी हा शब्द तेथूनच सर्वतोमुखी झाला. खरखरीत कागदही ज्यांना मिळणे कठीण, त्यांच्यापर्यंत माँटेसरीबाईंची कल्पना पोहोचली ती ह्या दोघी मराठी बायांच्या हातून.

युरोपात परतल्यावर १९४९, १९५० व १९५१ अशी तीन वर्षे बाईंचे नाव शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी सुचविले गेले. पारितोषिक मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी त्या हॉलंडमधील नोर्दवेइक ह्या समुद्रकाठच्या गावी होत्या. वय एक्याऐंशी. त्या दिवशी मायलेकरांचे बोलणे आफ्रिकेविषयी चालले होते. तेथे शिक्षक तयार करावयास जावे अशी बाईंची इच्छा होती, आणि ह्या वयात एवढा प्रवास झेपणार नाही असे मारियोंचे म्हणणे होते. आपली आता गरज उरली नाही काय, असे त्यांनी मुलाला विचारले. त्यानंतर थोड्याच वेळात मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. त्याच गावच्या कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. मारियोंनी आईचे काम १९८२ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालविले.